सातपुड्याच्या पायातला बूट

हिवाळ्यात नंदुरबार शहराच्या कडेने गेले की एकरच्या एकर जमीन लाल दिसते. त्या मिरचीच्या पथाऱ्या. ओली मिरची इथे उन्हात पसरायची, हलवायची, देठ खुडायचे, पोती भरायची, असे काम महिनोन्‌महिने चालते आणि ते करणाऱ्या बायामाणसांच्या नाकातोंडावर फडके बांधलेले असते, कारण मिरचीचा खकाणा कोणाची गय करत नाही. देखणे शहर म्हणून नंदुरबारची ख्याती नाही. धूळ, ऊन, ट्रक, बाजार समितीची गर्दी, डोंगरातून उतरणाऱ्या खचाखच भरलेल्या जीपगाड्या. पण पोशाख पाहायला म्हणून कोणी इथल्या बसस्थानकाबाहेर तासभर उभे राहिले, तर त्याला कंटाळा येणार नाही. गुडघ्याच्या खाली जेमतेम उतरलेले लुगडे आणि हातात चांदीची कडी घातलेली आजी, तिच्याबरोबर पंजाबी ड्रेस घातलेली कॉलेजातली नात, आणि त्या दोघींचे गाठोडे उचलून पुढे चालणारा नातू : फाटक्या गुडघ्यांची जीन्स, कानाच्या वर बारीक भादरलेले केस, पायात जाड पांढऱ्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, हाच मुलगा कपाळाला पट्टी बांधून, हातात तीरकमान घेऊन, अंगात ‘जय आदिवासी’ छापलेला टी-शर्ट घालून मिरवणुकीत नाचतो. बूट मात्र तेच असतात. आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला कोणीतरी शहरी माणूस हटकून म्हणतो, हे कसले आदिवासी? यांच्या पायात तर आपल्यापेक्षा भारी बूट आहेत!

या शेऱ्यात थोडा हेवा आहे, थोडी थट्टा आहे, आणि एक पक्के गृहीतक आहे. ते गृहीतक असे की, काही माणसांचे खरे रूप कोणते हे त्यांच्यापेक्षा पाहणाऱ्याला जास्त कळते. शहरातल्या सुशिक्षित घरातली मुलगी सोमवारी जीन्स घालते, गुढीपाडव्याला नऊवारी नेसून बुलेटवर बसते, आणि दोन्ही वेळा ती ‘स्वतः’च असते. तिला कोणी विचारत नाही की यातली खरी तू कोणती. सातपुड्यातल्या मुलाला मात्र हा प्रश्न जन्मभर पुरतो. स्वतःसारखे कपडे घालणे म्हणजे काय, याचे उत्तर कपडा जुना की नवा, देशी की परका, यात शोधायला गेले की आपण फसतो. तो कपडा अंगावर चढवायचा की उतरवायचा, हे ठरवणारा कोण, एवढे एकच पाहावे. नंदुरबार जिल्ह्यात ते पाहणे सोपे जाते, कारण १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या घरात आहे आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, गावित, कोकणा, तडवी, धानका अशा अनेक जमाती इथे आहेत. इथे आदिवासी हा कोपऱ्यातला अल्पसंख्य नाही. रस्ता त्याचाच आहे, तरीही त्याच्या पायांकडे बोट दाखवले जाते.

पायांकडेच का, याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. टोपी, पगडी, सदरा यांचे अर्थ प्रांतोप्रांती बदलत राहिले, पण पायातल्या जोड्याने माणसाची पायरी ठरवण्याचे काम देशभर केले. ज्या जातीने जोडा शिवायचा त्याच जातीच्या माणसाने वरच्या आळीतून जाताना तो हातात घ्यायचा, हा गावगाड्याचा नियम लिहून ठेवावा लागला नाही. तो सगळ्यांना पाठ होता. इंग्रजांनी यात स्वतःची भर घातली. साहेबासमोर जाताना हिंदी माणसाने जोडे काढले पाहिजेत, कारण आदर दाखवण्याची ही तुमचीच रीत आहे, असे ते म्हणत. नंदुरबारहून रेल्वेने पश्चिमेला निघाले की नवापूर ओलांडून गाडी सुरतेला पोचते. त्या सुरतेत, या मार्गावरची रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी, १८६२ साली माणकजी कावसजी एंटी नावाच्या पारशी गृहस्थांनी सेशन जज्जाच्या कोर्टात जोडे काढायला नकार दिला. ते फौजदारी अदालतीत असेसर होते, म्हणजे कोर्टाच्या कामाचाच भाग होते. जज्जाने त्यांना आत येऊ दिले नाही. माणकजींनी थेट मुंबईच्या गव्हर्नरकडे निषेधाचे पत्र धाडले. त्या काळी या मताच्या लोकांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे : देवळात किंवा घरात जोडे काढतो ते पावित्र्यासाठी आणि रस्त्याची घाण आत येऊ नये म्हणून, कचेरी हे कोणाचे घर नाही आणि देऊळ तर नाहीच नाही. गंमत पुढेच आहे. त्याआधी, १८५४ सालीच, कलकत्त्याच्या सरकारी दरबारात युरोपीय बूट आणि मोजे घालून येणाऱ्या हिंदी सद्‌गृहस्थांना ते न काढण्याची मुभा मिळालेली होती. म्हणजे पाय तोच, धूळ तीच, फरशी तीच. देशी जोडा असेल तर काढायचा आणि विलायती बूट असेल तर चालेल. तेव्हा बूट म्हणजे निव्वळ पायाचे संरक्षण, असे आपल्याकडे कधी नव्हतेच. तो परवाना होता.

परवाना म्हटला की माणसे दोन गोष्टी करतात : कोणी तो मिळवतो, कोणी तो धुडकावतो. महाराष्ट्राने दोन्ही पाहिले, आणि दोन्हींना मान दिला. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तेव्हा जरीच्या पागोट्यांच्या आणि अंगरख्यांच्या त्या मेळाव्यात जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. हिंदुस्थान म्हणजे इथे जमलेले हे दागिने नव्हेत, हे त्यांना राणीच्या मुलाला दाखवायचे होते. फुले गरीब नव्हते. बांधकामाची कंत्राटे घेणारे, पुणे नगरपालिकेत बसलेले गृहस्थ होते. अंगभर चांगले कपडे घालणे त्यांना सहज परवडले असते. बरोबर उलटी गोष्ट डिसेंबर १९२७ मध्ये महाडला घडली. सत्याग्रह परिषदेनंतर जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, ज्या वेशावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते तो वेश टाका, लुगडे वरच्या वर्गातल्या बायकांप्रमाणे पायघोळ नेसा, ओझ्यासारख्या माळा आणि पाटल्या काढा, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. बायकांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतले, नेसण बदलली. स्वतः बाबासाहेब सुटाबुटात वावरले. १९३७ साली ते वकील म्हणून न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा आजचा नंदुरबार जिल्हा त्याच पश्चिम खानदेशात होता. सुटातल्या त्या वकिलाला पाहून ‘हा आपल्या मुळांपासून तुटला’ असे त्याच्या माणसांपैकी कोणाला वाटले नाही. फुले खाली उतरले, आंबेडकर वर चढले असे वरवर दिसते. पण दोघांनीही समोरच्याने ठरवून दिलेला वेश नाकारला. कपड्यांची दिशा उलटी, निर्णयाची एकच.

इथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. महाडच्या स्त्रियांचा वेश त्यांच्यावर लादलेला होता. तो टाकणे हीच मुक्ती होती. सातपुड्यातल्या स्त्रीचा वेश तसा नाही. तिचे वर खोचलेले लुगडे डोंगर चढण्यासाठी, शेतात वाकण्यासाठी सोयीचे आहे, तिच्या चांदीत तिच्या घरची पत आहे, तिच्या गोंदणात तिची नातीगोती आहेत. तो कोणा सवर्णाने दिलेला शिक्का नव्हे. मग तो टाकणे म्हणजे पराभव नाही का? आदिवासी संस्कृतीची काळजी करणारे अनेक कार्यकर्ते हाच मुद्दा मांडतात, आणि त्यांच्या मुद्द्यात वजन आहे. मात्र खानदेशाचा इतिहास पाहिला की दिसते, इथल्या आदिवासीच्या अंगावरही दुसऱ्यांनी बरेच काही ठरवलेले होते. सालदारी घ्या. वर्षभरासाठी स्वतःला शेतमालकाकडे बांधून घेणाऱ्या गड्याचे साल ठरताना रोख आणि धान्य यांच्या जोडीला कपडे आणि पायताण ठरवण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक भागांत होती. गड्याच्या पायात काय असावे, ते कधी फाटावे आणि नवे कधी मिळावे, हे मालक ठरवी. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांसारखा स्थानिक भिल्ल नेता तिच्या केंद्रस्थानी होता, आणि जमीन, मजुरी, सालदारांची वागणूक यांवर तिने जे रान उठवले, त्याचा पोशाखाशी थेट संबंध कोणी जोडत नाही. जोडायला हवा. रोखीने मजुरी हातात येणे आणि पायातला जोडा स्वतः बाजारात जाऊन घेणे, या दोन घटना एकमेकींपासून फार लांब नसतात.

त्याही आधी, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज आणि त्यांच्यामागे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी चालवलेली ‘आप’ चळवळ होती. दारू सोडा, रोज अंघोळ करा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना ‘तू’ न म्हणता ‘आप’ म्हणा. हजारोंनी लोक जमत. काही अभ्यासक अशा चळवळींना वरच्या जातींचे अनुकरण म्हणून निकालात काढतात. मला हे पटत नाही. ज्याला सगळे गाव अरेतुरे करते त्याने आपल्या शेजाऱ्याला ‘आप’ म्हणायला सुरुवात करणे, हे अनुकरण असेल तर फार धारदार अनुकरण आहे. सावकाराला, फौजदाराला, दारूच्या गुत्तेदाराला ते लगेच कळले. म्हणूनच रामदास महाराजांना सरकारने हद्दपार केले. नुसत्या नकलेला कोणी हद्दपार करत नाही. आपण कसे दिसायचे, कसे बोलायचे, कसे बोलावले जायचे, हे आतून ठरवण्याची रीत या डोंगरात जीन्स येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता काळजी करणाऱ्यांच्या आग्रहाची दुसरी बाजू पाहू. आदिवासीने आदिवासीसारखेच दिसावे, हा आग्रह फक्त हौशी छायाचित्रकारांचा असता तर सोडून देता आला असता. तो सरकारी कागदात आहे. एखाद्या समाजाला अनुसूचित जमात म्हणायचे की नाही, यासाठी लोकूर समितीने १९६५ साली निकष दिले : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. आजही तेच मानले जातात. याची पुढची पायरी म्हणजे जमातीच्या दाखल्याची पडताळणी. मुला-मुलीला प्रवेश किंवा नोकरी हवी असेल तर रूढी, विधी, बोली, देवदेवता यांवरून त्या जमातीशी त्याचे साधर्म्य आहे का, हे तपासले जाते. म्हणजे शाळेने सांगायचे, नीट राहा, शहरासारखे बोला. आणि पडताळणी समितीने विचारायचे, तुझ्यात आदिमपण कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले की स्थलांतर, आधुनिकता आणि इतरांशी संपर्क यांमुळे जमाती नवी लक्षणे स्वीकारतात, तेव्हा साधर्म्याची चाचणी हा अखेरचा कस मानता येणार नाही. २०२३ साली न्यायालयाने हाच मुद्दा पुन्हा पक्का केला. बोगस दाखल्यांचा प्रश्न महाराष्ट्रात खरा आहे, खऱ्या आदिवासींच्या जागा त्यात जातात, त्यामुळे पडताळणी नकोच असे म्हणता येत नाही. पण जुनी कागदपत्रे सोडून माणसाच्या रूपावर आणि रीतीवर भिस्त ठेवली की काय होते, ते न्यायालयाला दोनदा सांगावे लागले. रस्त्यावरच्या शेरेबाजाला मात्र कोणी काही सांगितलेले नाही.

छायाचित्रांचाही थोडा हिशेब मांडू. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी संस्थानची राजवाडी होळी आता राज्यभर माहीत झाली आहे. रात्रभर ढोल वाजतात, दुरून दुरून लोक चालत येतात आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा-बुध्या तिथे नाचतात. हा वेश नवसाचा, नेमाचा असतो. तो धारण करणारा काही दिवस व्रतस्थ राहतो. दरवर्षी कॅमेरे येतात, पर्यटनाच्या जाहिरातींत हेच चेहरे झळकतात, आणि फ्रेममध्ये कोणाचा बूट आला की फ्रेम जराशी वर सरकते. मग पाहणाऱ्याच्या मनात बसते की आदिवासी म्हणजे हा. वारीत टाळ घेऊन नाचलेला वारकरी दुसऱ्या दिवशी बँकेत टाळ घेऊन येत नाही म्हणून कोणी त्याच्या भक्तीवर शंका घेत नाही. बुध्याने मात्र बाराही महिने बुध्याच दिसावे, अशी अपेक्षा. सणाचा वेश रोजचा करायला लावणे हा त्या सणाचाही अपमान आहे.

होळीच्या आधीच्या आठवड्यातले भोंगऱ्या बाजार मला या विषयात जास्त बोलके वाटतात. धडगावसारख्या ठिकाणी भरणारे हे बाजार म्हणजे होळीची खरेदी, ढोल, बासऱ्या, गुळाच्या जिलब्या आणि तुफान गर्दी. पलीकडे मध्य प्रदेशात झाबुआ, अलिराजपूरकडे त्यालाच भगोरिया म्हणतात. या बाजारांत मुली गटागटाने येतात आणि एका गटातल्या सगळ्यांचे कपडे एकाच ताग्यातून फाडलेले, एकाच रंगाचे, एकाच नक्षीचे असतात. वर घरातली चांदी. पोरांच्या डोळ्यांवर काळे गॉगल, गळ्यात रुमाल, पायात नवे बूट. ही इथली रस्त्यावरची फॅशन, आणि ती लंडन-मुंबईच्या व्याख्येत बसत नाही. तिकडे स्वतःसारखे दिसणे म्हणजे दुसऱ्यासारखे न दिसणे. इथे मुली मुद्दाम एकमेकींसारख्या दिसतात. आम्ही या गावच्या, आम्ही एकत्र आलो, हे दुरून कळावे म्हणून. कोणी म्हणेल, यात व्यक्ती कुठे राहिली? पण कोणता रंग घ्यायचा, कोणत्या शिंप्याकडे टाकायचा, ओढणीला कसली लेस लावायची, यावर त्यांनी आठवडाभर जो खल केलेला असतो तो पाहिला तर व्यक्तीही सापडते. शिवाय हा कपडा हातमागाचा, वनस्पतींच्या रंगात रंगवलेला वगैरे नसतो. तो बहुधा चकचकीत पॉलिस्टर असतो, आणि पॉलिस्टरची मोठी बाजारपेठ म्हणजे सुरत, जिथे खानदेशातून गेलेली कित्येक कुटुंबे उधना आणि लिंबायत भागांत राहून कापड गिरण्यांत राबतात. परंपरावाद्याला तो अस्सल वाटणार नाही. ज्या मुलींनी तो निवडला त्यांना वाटतो.

आक्षेपांत सगळ्यात हुशार आक्षेप बाजाराचा आहे. तुम्ही ज्याला निवड म्हणता ती निवड नाहीच. मोबाइलवरच्या रील्सनी आणि स्वस्त नकली बुटांच्या व्यापाऱ्यांनी पोरांच्या डोक्यात भरवलेली गोष्ट आहे, मालकाच्या जागी कंपनी आली इतकेच. यात तथ्य आहेच. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, ज्याला आज शहरी फॅशन म्हणतात ती मुळात कष्टकऱ्यांची. जीन्सचे रिव्हेट १८७३ साली अमेरिकेत पेटंट झाले ते खिसे फाटू नयेत म्हणून, मजुरांसाठी. डॉक मार्टिन्स नावाचा जो जाड तळव्याचा बूट इंग्लंडमध्ये बंडखोर तरुणांची खूण झाला, तो १ एप्रिल १९६० रोजी बाजारात आला तेव्हा टपालवाले आणि कारखान्यातले कामगार तो घेत. तेव्हा नंदुरबारचा तरुण कोणा राजाची नक्कल करत नाही. फार तर दुसऱ्या मजुराचा कपडा तीन पिढ्यांनी त्याच्यापर्यंत पोचला आहे. दुसरी गोष्ट अशी की बाजार सगळ्यांनाच घडवतो. पुण्यातल्या खादी-हातमागाच्या महागड्या दुकानात जाणारा गिऱ्हाईकही जाहिरात वाचूनच जातो. आदिवासी तरुणाने तेवढे बाजारापासून अस्पर्श राहावे, ही अपेक्षा म्हणजे लोकूर समितीच्याच यादीतला ‘संपर्काचा संकोच’ झाला.

परंपरा बुडते या आक्षेपाला मी अर्धी मान्यता देईन. चांदीचे दागिने घडवणारा हात, गोंदणारी बाई, मोरपिसांचा टोप बांधणारा म्हातारा गेला की एक ज्ञान जाते, आणि ते परत येत नाही. पण त्याची भरपाई पोरींच्या अंगावरून करू नये. बारकाईने पाहिले तर सातपुड्यात पुरुषांचा वेश आधी बदलला : लंगोटी गेली, पँट-शर्ट आला, आणि त्यावर कोणी परिसंवाद भरवला नाही. बाजारात, कचेरीत, सुरतेच्या कारखान्यात पुरुष आधी गेला, तेव्हा त्याला सवलत मिळाली. संस्कृती जपण्याचा भार मात्र बाईच्या लुगड्यावर, तिच्या कपाळावरच्या गोंदणावर राहिला. तिच्या नातीने नर्सिंगला जाताना गोंदण नको म्हटले की संस्कृती बुडाली. आणि त्याच वेळी मुंबईतला पोरगा दंडावर पैसे मोजून टॅटू काढतो, ते व्यक्तिस्वातंत्र्य! चांदीचे म्हणाल तर ती हौसेइतकीच बचत होती, अडीअडचणीला सराफाकडे ठेवायची. किलोला लाख रुपयांच्या पुढे गेलेली चांदी नव्या सुनेच्या अंगावर का दिसत नाही, हे रील्सना विचारण्याऐवजी चांदीच्या भावाला विचारावे. कारागिरी टिकते ती कारागिराला दाम मिळाला तर. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशाच चपला श्रेय न देता मिरवल्या आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला, तेव्हा चर्चा नावाची आणि पैशाची झाली, ते योग्यच झाले. चप्पल शिवणाऱ्याच्या मुलाच्या पायात स्पोर्ट्स शूज आहेत म्हणून कोल्हापुरी मेली, असे कोणी म्हटले नाही.

उरला शेवटचा, आणि सगळ्यात रागाने घेतला जाणारा आक्षेप : धडगाव-अक्कलकुव्यात कुपोषण आहे, ऊसतोडीला टोळ्या गुजरातेत जातात, पावसाळ्यात आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून न्यावे लागते, आणि तुम्ही बुटांवर लिहिता? हो, कारण बूट हा चोचला आहे ही समजूत ज्यांच्या पायात तो कायम असतो त्यांचीच असते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अंदाज २०२०च्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. बहुतेक दंश पायावर होतात, पावसाळ्यात वाढतात, शेतात राबणाऱ्या गरिबाला होतात. उसाच्या फडात, भाताच्या खाचरात, मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्याच्या पायात गमबूट असणे हा जीवनमरणाचा मामला आहे. आणि इथेच बाजाराचा खरा दोष दिसतो. इंग्लंडात कामाचा बूट आधी आला आणि मग त्याची फॅशन झाली. नंदुरबारात फॅशनचा बूट आधी आला, कामाचा बूट अजून यायचाय. मिरवणुकीत नाचायला चमकणारे शूज हप्त्याने मिळतात, फडात उतरायला घोट्याच्या वर जाणारा, घाम न धरणारा, स्वस्त बूट कोणी विकायला आणत नाही. याचा दोष नाचणाऱ्यावर टाकू नये.

शासनाला पाय दिसले ते शाळेत. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे मोफत द्यायचे ठरवले, ही चांगली गोष्ट झाली. त्यासाठी प्रत्येक मुलामागे १७० रुपये धरले. एवढ्या पैशात मोज्यांसकट कसला बूट येतो, हे कोणत्याही चपलांच्या दुकानात विचारता येईल. पुढच्या वर्षी गणवेश राज्यभर केंद्रीय पद्धतीने पुरवण्याचा प्रयोग झाला. कपडे उशिरा आले, कोणाला ढगळ तर कोणाला तोकडे झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो निर्णय मागे घेऊन गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. अंगाला कपडा बसतो की नाही, हे मंत्रालयातून दिसत नाही, एवढा धडा त्यातून मिळाला असेल तर बुटांनाही तो लावावा. सातपुड्याच्या पाड्यांवरची मुले डांबरी रस्त्यावरून चालत नाहीत. दगड, नाले आणि काट्यांतून शाळेत येतात. तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलांना ओळीने उभे करून त्यांचे पाय मोजावेत, दोन-तीन प्रकारचे बूट समोर मांडून मुलांना त्यांतून निवडू द्यावे, आणि १७० रुपयांत ते बसत नसेल तर तसे लेखी कळवून रक्कम वाढवून मागावी.